दोन मामा, दोन भाचे आणि एक चिमणी

आमच्या संघात दोन मामा आणि दोन भाचे होते. माणसं मात्र तीनच. लालबागचे मामा हे माझे मामा, आणि मी माझ्या बहिणीच्या मुलाचा मामा. मधला मी दोन्ही खात्यांवर लागलेलो. त्या दिवशी मोजदादीचे जे घोळ झाले, त्यांची सुरुवात अशी घरातूनच झाली होती.

कल्पना भाच्याची. गळ्यात दुर्बीण, हातात फोन आणि फोनमध्ये पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन नावाचं ॲप, असा त्याचा अवतार. परदेशात वसंत आला की पक्षीवेडे लोक गट करून पहाटेपासून धावत सुटतात आणि दिवसभरात ज्यांना जास्त जाती दिसतात ते जिंकतात, हे त्यानं कुठेतरी पाहिलं. न्यू जर्सीत १९८४ पासून दर मे महिन्यात अशी शर्यत होते म्हणे. "आणि मामा, आपल्या मुंबईत २००५ पासून बर्ड रेस आहे. फक्त ती थंडीत असते."

थंडीत का असते, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आपल्याकडे वसंताची इतकी गाणी आहेत, इतक्या कोकिळा आणि इतके आम्रमोहर आहेत, की पक्षी बघायचे तर चैत्रातच, यात मला काही वावगं वाटलं नाही. पुढे लक्षात आलं ते असं : तिकडचा वसंत पक्षी घेऊन येतो, आपला घेऊन जातो. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून थंडीला आलेले पाहुणे फाल्गुनातच गाशा गुंडाळायला लागतात. चैत्रात पक्षीशर्यत लावणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडून बसणं. वाढप्यांनी तरी काय करावं?

पण प्रतिस्पर्धीही आमच्याइतकेच शहाणे निघाले. दादरचे माझे मेहुणे आणि त्यांचे दोन मित्र. मेहुण्यांकडे कॅमेऱ्याची एक तोफ आहे. ती खांद्यावर घेऊन ते शिवाजी पार्काला निघाले की लोक बाजूला होतात. नियम ठरले : सूर्योदय ते सूर्यास्त, गिरगाव ते दादर एवढाच मुलूख, पिंजऱ्यातला पक्षी धरायचा नाही आणि एकानं पाहिला तर निदान आणखी एकानं दुजोरा द्यायचा. हरणाऱ्यानं साबुदाणेवडे आणि पियूष द्यायचं. साबुदाणेवडे मामांसाठी. शर्यत शनिवारी होती आणि मामा शनिवार करतात.

मामांना संघात घेतलं, कारण नियमाप्रमाणे तिघे हवे होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत, मूळ गाव रत्नागिरीकडचं. पक्ष्यांतलं काय कळतं, असं भाच्यानं हळूच विचारलं, तर म्हणाले, "कावळा कळतो. बाकी तुम्ही सांगाल ते."

तारीख होती १२ एप्रिल २०२५. शनिवार सगळ्यांना सोयीचा म्हणून धरलेला. त्या दिवशी चैत्री पौर्णिमा आहे, हे कॅलेंडरवर लाल अक्षरात लिहिलेलं असूनही आमच्यापैकी कुणी वाचलं नाही. पहाटे साडेपाचला गॅलरीत आलो तो खालच्या मारुतीच्या देवळात लाउडस्पीकर लागलेला. हनुमान जयंती! मारुतीचा जन्म सूर्योदयाचा आणि आमच्या शर्यतीची सुरुवातही सूर्योदयाची. दयाळ पहाटे फार सुरेल शीळ घालतो, ती ऐकून खातं उघडायचं असं भाच्याच्या मनात होतं. त्यानं फोन आकाशाकडे धरला. ॲप बराच वेळ मारुतीस्तोत्र ऐकत राहिलं. मध्येच शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्याच्यात जरा धुगधुगी आली, पण नाव काही सुचलं नाही. खाली कीर्तनकारबुवांनी जन्म लावला, गुलाल उधळला, आणि सुंठवड्याचे पुडे मामांनी तिघांसाठी घेऊन ठेवले. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट वेळेवर झाली.

खातं उघडलं ते कावळ्यानं. मग पारवा, मग घार. पारवा ही शर्यतीतली मोठी विनोदी जात. एक दिसला काय आणि दहा हजार दिसले काय, वहीत एकच आकडा. तेव्हा दादरचा कबुतरखाना जोरात होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापालिकेनं त्याच्यावर ताडपत्री टाकली आणि ती फाडायला माणसं धावली, हे सगळ्यांना आठवत असेलच. एवढं रामायण ज्याच्यावरून होतं, तो पक्षी आमच्या वहीत पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाला आणि नंतर दिवसभर आम्ही त्याला शिव्याच दिल्या. कुठेही काही फडफडलं की दुर्बीण वर जायची आणि भाचा म्हणायचा, "पारवा."

चौपाटीवर कुरव असतात. थंडीभर गिरगाव चौपाटीच्या पाण्यावर पांढऱ्या कुरवांचे थवे तरंगताना आणि लोकांनी फेकलेलं शेव-फरसाण झेलताना मी जन्मभर पाहतो आहे. आम्ही गेलो तेव्हा पाणी स्वच्छ रिकामं होतं. एका भेळवाल्याची गाडी झाकलेली होती, तिच्या आडोशाला बसलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "होते की. आता आता गेले. होळीला आला असतात तर..."

हे वाक्य त्या दिवशी आम्हाला चांगलं पाठ होणार होतं.

चौपाटीवरून मलबार हिलला जाताना भाच्यानं वाकडी वाट करून खेतवाडीतून नेलं. कारण सलीम अली. या जगप्रसिद्ध माणसाचं लहानपण खेतवाडीत मामाच्या घरी गेलं. (पुन्हा मामा!) दहा-बारा वर्षांच्या या पोरानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका पाहून तो गोंधळला, आणि मामानं त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलर्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि पुढचं सगळं घडलं. आपल्या देशातलं पक्षिशास्त्र असं एका चिमणीच्या जिवावर उभं आहे. गंमत म्हणजे अमेरिकेतही हेच. नाताळात गट पाडून जास्तीत जास्त पाखरं मारायची शर्यत असे. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, मारू नका, मोजा. आज जगभर चाललेल्या मोजण्यांचं मूळ तिथे आहे.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामा चांगला होता. माझ्या भाच्यानं चिमणी मारली असती तर मी कानाखाली दिली असती."

खेतवाडीत चिमणी मात्र दिसली नाही. आमच्या चाळीत, माझ्या लहानपणी, प्रत्येक खोलीत भिंतीवरच्या फोटोमागे चिमणीचं घरटं असायचं. आमच्याकडे पणजोबांच्या फोटोमागे होतं. फोटो पुढे झुकलेला असायचा तो त्या घरट्यामुळेच, आणि त्यामुळे पणजोबा सतत आमच्या ताटात काय आहे ते वाकून बघताहेत असं वाटायचं. आता चिमणीसाठी २० मार्च हा जागतिक दिवस आहे. एखाद्याचा दिवस साजरा व्हायला लागला की समजावं.

मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानाजवळ झाडांच्या शेंड्यांतून जाणारी लाकडी वाट पंधराच दिवसांपूर्वी, गुढीपाडव्याला, सुरू झाली होती. पंचवीस रुपये तिकीट, वेळ आधी ठरवून घ्यायची. पक्षी बघायला यापेक्षा चांगली जागा ती कोणती, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात सगळी मुंबई तिथे फोटो काढायला आली होती. आम्ही एका बुलबुलावर दुर्बीण रोखली, तर मागून एका काकूंनी "जरा सरकता का, सूर्य येतोय" म्हणून सांगितलं. तरी तिथे बरं झालं. बुलबुल, शिंपी, कोतवाल, पोपट, साळुंकी, डोमकावळा, शिंजीर. तांबट कुठूनतरी टुक-टुक-टुक करत होता. तांबाकाट्यावर एखादा कारागीर एकाच भांड्याच्या मागे लागावा तसा. दिसला नाही, पण ऐकलेला चालतो. आणि कोकीळ. कोकिळेबद्दल एक सांगायला हवं : गाते ती कोकिळा नव्हे, गातो तो काळा नर. मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि किक्-किक् असा चिरका आवाज काढते. आपल्या कवितांत बाईच्या नावावर लागलेलं हे एकमेव श्रेय असावं जे खरं तर पुरुषाचं आहे. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "अंडी कुणी उबवली?" ती कावळीण उबवते, हे मी सांगितलं नाही.

वाटेच्या टोकाशी गर्द झाडी दिसते, ती पारशांच्या डुंगरवाडीची. तिथे उभा असताना मी वर पाहिलं. सवयीनं. लहानपणी आजोबांबरोबर हँगिंग गार्डनला आलो की या झाडीवर गिधाडं घिरट्या घालताना दिसायची, आणि आपल्यालाच न्यायला आली आहेत असं वाटून मी त्यांचं बोट घट्ट धरायचो. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. गुरांना वेदनाशामक म्हणून देत त्या डायक्लोफेनॅकनं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद झालं. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखाददुसरं उरावं इतकी संपली होती. मला ज्यांची भीती वाटायची ते पक्षी एका गुडघेदुखीच्या औषधानं गेले. मीही ते औषध घेतलं आहे.

"घारीच आहेत रे," मामा वर बघत म्हणाले.

चौदा झाले होते. राणीच्या बागेत साडेनवाला दारं उघडतात, तेव्हा आम्ही पन्नास-पन्नास रुपये मोजून रांगेत. सुट्टीचा दिवस, पोरांचा गलका, आणि सगळी पोरं पेंग्विनकडे धावणारी. सोलहून २०१६ मध्ये आले ते. भाच्याला क्षणभर मोह झाला. "आजोबा, पेंग्विन पिंजऱ्यात नाही, काचेत आहे." मामा म्हणाले, "मग मासळी बाजारातलं पापलेट बर्फात असतं." पेंग्विन बाद झाला. पाणघोड्याच्या तळ्याकाठी एक वंचक ध्यान लावून बसला होता, मोकळा, बिनतिकिटाचा, तो धरला. खंड्या मिळाला. नाचण मिळाली. वर झाडांना उलटी टांगलेली वटवाघळं मामांना मोजायची होती, त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटलं.

इथेच ती हळद्याची गोष्ट झाली. उर्वशीच्या झाडाशी मी एकटाच उभा होतो. तिच्या फुलांचा मोसम उतरला होता. तेवढ्यात पलीकडच्या दाट झाडीत काहीतरी पिवळं, झळझळीत, या पानातून त्या पानात सरकलं. "हळद्या!" मी ओरडलो. भाचा धावत आला. आम्ही दहा मिनिटं माना वर करून उभे राहिलो. तिथेच एका बाकाखाली पिवळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग वाऱ्यानं हलत होता, तो आम्ही दोघांनीही पाहिला. "तू नक्की पाहिलास ना, मामा?" "म्हणजे काय!" भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मलाही शेपूट दिसल्यासारखी वाटली." दुजोरा झाला. फोनमध्ये नोंद झाली. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच.

शिवडीला जायला टॅक्सी केली. शिवडीची भिस्त मोठी होती. रोहित, म्हणजे आता सगळे म्हणतात ते फ्लेमिंगो, शिवडीच्या चिखलात मेपर्यंत असतात; शिवाय चिखलात चोच घालून हिंडणारे बारीकसारीक पक्षी. एका जागी सात-आठ जाती सहज. भाचा पुढच्या सीटवर मान खाली घालून आधीच हिशेब मांडत होता. लालबागच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ती बघ, एक चिमणी राहिली आहे अजून."

"वा, आजोबा!" भाचा म्हणाला. मी झोपेत होतो की जागा, मला सांगता येणार नाही. पण "हो, हो" असं मी म्हणालो, एवढं आठवतं.

शिवडीच्या जेट्टीवर पाणी होतं. नुसतं पाणी. तिवरांच्या कमरेपर्यंत आलेलं, संथ, चकाकणारं, आणि वर अटल सेतू. तो २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, २१.८ किलोमीटरचा, आणि त्याच्यावरून सुळकन जाणाऱ्या गाड्या. चिखल कुठेच नव्हता. तिथे चहाची किटली घेऊन बसलेल्या माणसाला भाच्यानं विचारलं. त्यानं हातानं एवढं मोठं वर्तुळ केलं. "काल! सगळं गुलाबी होतं बघा काल. काल का नाही आलात?"

मामांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "आज पुनव ना? पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे साडेअकरा-बाराला भर भरती. आता काय दिसणार तुम्हाला?"

कोकणातला हा साधा हिशेब : तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला तोंडपाठ असलेली पाऊणकी. भाच्याच्या फोनमध्ये जगातल्या दहा हजारांवर पक्ष्यांची चित्रं होती, त्यात पाऊणकी नव्हती.

"मामा, हे तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?"

"शिवडीला कशाला चाललोय ते तुम्ही कुठे सांगितलंत? मला वाटलं, कुणाला तरी भेटायचंय."

पाण्यावरून एक पाणकावळा गेला. त्याला आम्ही धरलं. दोन जातींचे बगळे मिळाले. संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, तेव्हा परत येऊ, असं भाचा जिद्दीनं म्हणाला, आणि दादरच्या फाइव्ह गार्डनमध्ये सावलीत टेकल्यावर आम्ही तिघंही साडेचारपर्यंत झोपलो. जागा झालो तेव्हा समोरच्या झाडावर भोरड्यांचा एक उशिरा निघालेला थवा कचकच करत बसला होता. गुलाबी अंग, काळं डोकं. मध्य आशियात परत जायची गाडी चुकलेली मंडळी. वडाच्या फळांवर तुटून पडली होती. मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो असतो, पण भाचा म्हणाला, "झाली नोंद, चला," आणि आम्ही पळालो. वेडा राघू कुठे मिळतो का ते पाहायला. मिळाला नाही. कालपर्यंत होता, असं बागेतला माळी म्हणाला.

सूर्यास्ताला शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर दोन्ही संघ समोरासमोर बसले. मेहुण्यांचा चेहरा आमच्याहून वाईट होता. त्यांनी सकाळचे अडीच तास एका धीवराचा मासा धरतानाचा फोटो घेण्यात घालवले होते. मासा धरला तेव्हा समोरून कुत्रा गेला. त्यांचे पंचवीस. आमचे सव्वीस. भाच्यानं मूठ आवळून हवेत मारली. मामांनी सुंठवड्याची पुडी सोडून सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली.

"यादी वाचा," मेहुणे म्हणाले. वाचली. कावळा, पारवा, घार... हळद्याला त्यांनी नुसतं "वा!" म्हटलं. विसावं नाव चिमणी.

"चिमणी? कुठे?"

"लालबागला. सिग्नलजवळ."

"लालबागला सिग्नलजवळ चिमणी! कुठल्या झाडावर?"

"झाडावर कशाला?" मामा म्हणाले. "चांगली विटांची आहे. टॉवरच्या मागे. आमच्या खात्यातून दिसायची ती. त्या वेळी धूर बघून कळायचं, पाळी भरली का ते."

कुणी काही बोललं नाही. मग मेहुण्यांचा एक मित्र हसायला लागला, मग सगळेच. मामाही हसले, पण हसायचं काय आहे ते न कळल्यासारखे. भाच्याचे कान लाल झाले. त्यानं फोनवर बोट ठेवलं, सरकवलं आणि यादीतून चिमणी काढून टाकली. पंचवीस-पंचवीस. बिल अर्धंअर्धं झालं. वडे गार होते.

परतीच्या बसमध्ये भाचा पुढे उभा होता, हेडफोन लावून. मामा आणि मी शेजारी बसलो होतो. लालबाग आलं. मामांनी खिडकीला नाक लावून अंधारात काहीतरी शोधलं. सापडलं असावं, कारण ते पुन्हा नीट बसले.

"काय रे," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझा तो हळद्या. दिसला होता का खरंच?"

मी म्हटलं, "पिवळं काहीतरी होतं, मामा."

"हं," मामा म्हणाले. "माझी चिमणी तरी होती."